पंधरावी सही

बायकोचा डावा खुबा झिजला त्याला मी जबाबदार नाही. तीस वर्षं चाळीच्या नळावर उकिडवं बसून तिनं धुणी धुतली, त्यानं तो झिजला. पण ऑकलंडात तो खुबा बदलायचा राहिला, त्याला मी जबाबदार आहे. हे मी माझ्या हातानं लिहून देतो. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही चूक कधी कबूल करत नाही. मी चूक म्हटलंच नाही. जबाबदार म्हटलं. दोन्हींत फरक आहे, आणि तो कळायला चौथी नापास माणूसही पुरतो.

पुण्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी एकतीस वर्षं तळणीवर उभा होतो. वडे, भजी, दिवाळीला साहेब लोकांसाठी चकली आणि शेव. मुलगा शिकला, कॉम्प्युटरवर बसला, न्यूझीलंडला आला, आणि मी रिटायर झाल्यावर आमची खोली विकायला लावून आम्हा दोघांना इकडं घेऊन आला. सहा महिने मी सुनेच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून काढले. सून वाईट नाही. पण ती सकाळी कामाला जायची तेव्हा मी सोफ्यावर, संध्याकाळी यायची तेव्हाही सोफ्यावर. एक दिवस नातीनं घराचं चित्र काढलं. त्यात सोफा होता आणि सोफ्यावर मी, सोफ्याच्याच रंगाचा. दुसऱ्या दिवशी मी काम शोधायला बाहेर पडलो.

सँडरिंगहॅमच्या रस्त्यावर एका पुण्याच्या माणसाचं फरसाणाचं दुकान होतं. माल तयार व्हायचा माउंट वेलिंग्टनच्या शेडमध्ये. मी दुकानात गेलो, चवीला ठेवलेली चकली तोंडात टाकली आणि गल्ल्यावरच्या माणसाला म्हणालो, "मोहन कमी पडलंय. आणि तेल तापायच्या आधी घाणा सोडलाय."

तो मालकच निघाला. हसला. "काका, तुम्ही तळता का?"

"तळतो."

त्यानं नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं. तो जरा थांबला. आपल्याकडच्या माणसाला असं आडनाव ऐकून जेवढं थांबावं लागतं, तेवढाच. मग म्हणाला, "उद्यापासून या."

मी पुण्याहून माझा स्वतःचा झारा आणला होता. सून हसली होती, सामानात कपडे सोडून झारा आणला म्हणून. त्याच झाऱ्यानं मी त्या शेडमध्ये पहिला घाणा काढला. घाणा म्हणजे एका वेळी कढईत सोडतो तेवढा माल. मालकाची रीत अशी की रोजच्या पहिल्या घाण्यातली एक चकली वाटीत घालून देवाच्या फोटोपुढं ठेवायची, आणि ती तळणाऱ्यानं ठेवायची.

मी म्हणालो, "तळीन मी. ठेवायला दुसरं कोणी बघा."

पॅकिंगच्या टेबलावर साताऱ्याकडची एक विधवा बाई होती, तिनं झटकन वाटी उचलली. "द्या हो दादा, मी ठेवते. देवाला काय, चकली मिळाल्याशी मतलब." तेव्हापासून रोज तीच ठेवायची. मालक बघायचा, बोलायचा नाही. मीही बोलायचो नाही. दोन वर्षं असं चाललं.

हे का, ते सांगतो. मी पोरगा होतो तेव्हा वडिलांनी दीक्षा घेतली आणि घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीवर नेले. टोपली माझ्या डोक्यावर होती. त्यातला देवाचा एक पत्र्याचा टाक माझ्या कानाला घासत होता, घरी आलो तर कानातून रक्त. आईनं फडकं लावलं आणि वडील म्हणाले, "शेवटचं घेतलं त्यांनी. आता काही देणं नाही." बावीस प्रतिज्ञा मला तेव्हापासून पाठ आहेत. लिहिता येत नव्हतं तेव्हापासून. माणसाजवळ दुसरं काही नसलं की पाठ असतं तेच त्याचं.

पहिल्या दिवाळीला माझ्या हातची चकली ऑकलंडातल्या मराठी घरांत गेली. ज्यांच्या आज्यांनी माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्यांची नातवंडं गाड्या घेऊन येत होती आणि दोन-दोन किलो नेत होती. मी कढईपुढं उभा राहून मनात म्हणायचो, खा. मला त्यात गोडी वाटायची. वाईट गोडी असेल, पण गोडी.

तिकडं बायकोचा पाय दिवसेंदिवस आखडत गेला. इथं सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं, पण आधी गुण मिळवावे लागतात. किती दुखतं, किती चालता येतं, झोप लागते का, याचे गुण. आम्ही तिघं गेलो, मुलगा दुभाष्या. गोऱ्या डॉक्टरनं विचारलं, "घरातलं काम जमतं का?" ती तोंड उघडणार, तेवढ्यात मीच मराठीत म्हणालो, "सांग त्याला, अजून सगळा स्वयंपाक हीच करते. पाच माणसांचा." परक्या माणसापुढं माझ्या बायकोनं रडगाणं गावं, हे मला पटणारं नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि डॉक्टरला हसून म्हणाली, "ओके, ओके."

महिन्यानं पत्र आलं. मुलानं वाचून दाखवलं. गुण कमी पडले, सध्या यादीत घेता येत नाही, दुखणं वाढलं तर आपल्या डॉक्टरमार्फत परत या.

ती म्हणाली, "शाळेचं तोंड बघितलं नाही, आणि नापास मात्र झाले."

दवाखान्यानं तिला एक वॉकर वापरायला दिला, आणि खुर्चीच्या पायांखाली घालायला प्लॅस्टिकचे चार ठोकळे. खुर्ची वीतभर उंच झाली म्हणजे बसताना फार वाकायला नको. त्या उंच खुर्चीवर बसून ती भाजी निवडायची. खाजगीत करायचं तर मुलाची ताकद नव्हती, त्यानं नुकतंच घर घेतलं होतं. तो म्हणाला, आईला पुण्याला नेऊन करून आणतो. मी नाही म्हणालो. खोली विकून आलेलो, आता लेकीच्या सासरी जाऊन पडायचं? तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही, मुलानंही नाही.

अशात मालकानं विमा काढायचं ठरवलं.

त्या वर्षांत ऑकलंडात कामाला माणूस टिकत नव्हता. आज इथं, उद्या शेजारच्या शेडमध्ये. माणसं धरून ठेवायला मालकानं एका विमा कंपनीची बाई बोलावली. गोरी, उंच, हातात फाइल, आल्या आल्या सगळ्यांना "किया ओरा" म्हणाली, म्हणजे इकडचा नमस्कार. ती बोलत होती आणि मालक मराठीत सांगत होता. विमा मालक भरणार. कामगार आणि त्याची बायको किंवा नवरा, दोघांचा खाजगी दवाखान्याचा खर्च विमा देणार. आणि मुख्य म्हणजे आधीपासूनची दुखणीही चालणार. अट एकच, गटात पंधरा माणसांच्या सह्या पाहिजेत. चौदा झाल्या तर जुनी दुखणी बाद.

मालक-मालकीण धरून आम्ही बरोबर पंधरा होतो.

माझ्या डोळ्यांपुढं खुबा आला. पॅकिंगच्या बाईनं पोटावर हात ठेवला, तिला पित्ताशयात खडे होते. उजळलेल्या तोंडांनी सगळे एकमेकांकडं बघत होते आणि तेवढ्यात मालकानं पुढचं सांगितलं.

"आपण पंधरा जण म्हणजे कुटुंब. म्हणून हा कुटुंबाचा विमा. खंडेनवमीला मशिनांची पूजा आहे, यंदा सगळ्यांनी जोडीनं यायचं. फॉर्म मी देवापुढं ठेवणार. आरती झाली की प्रसादाबरोबर एकेकाच्या हातात. नमस्कार करायचा, फॉर्म घ्यायचा, सही करायची."

मी म्हणालो, "मी पूजेला बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. फॉर्म टेबलावर ठेवा, सही करतो."

"काका, दोन वर्षं तुम्ही चकली ठेवत नाही. मी एका शब्दानं बोललो? पण हे वेगळं. हे मी देतोय, माझ्या देवासमोर देतोय. कुटुंबाच्या देवाला हात जोडायचे नाहीत आणि कुटुंबाचा विमा मात्र पाहिजे, हे कसं जमायचं?"

"मग मी नाही तुमच्या कुटुंबात."

"बघा बुवा. काकूंच्या पायाचा विचार करा. प्रतिज्ञा काय, फडक्यात घालून खुब्याला बांधायच्या आहेत का?"

लोक हसले. पॅकिंगची बाईही हसली. मी झारा कढईच्या काठावर आपटला आणि घाणा काढला. एकही चकली करपू दिली नाही.

घरी बायकोला सगळं कळलेलंच होतं, त्या बाईनं फोन केला होता. ती उंच खुर्चीवर बसून म्हणाली, "एक तासाचा तर प्रश्न आहे. डोळे मिटून बसा. मनात त्रिशरण म्हणा. हात त्यांच्यापुढं जोडा, पण मनात बुद्धाला जोडा."

"हात काय दोन मालकांचे असतात?"

"हात नाहीत माझे. पाय आहे माझा."

मी उठून बाहेर गेलो. डेअरीतून दूध आणायचं होतंच.

मुलगा संध्याकाळी चिडला, पण माझ्यावर नाही, मालकावर. म्हणाला, "बाबा, इथं असं करता येत नाही. धर्मावरून नोकरीत दुजाभाव करायला कायद्यानं बंदी आहे. तक्रार केली तर तो अडकेल." मला हे ऐकून बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कायदा माझ्या बाजूला उभा होता आणि तोही गोऱ्यांचा.

सकाळी मी मालकाच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे बेसनाच्या पोत्यांमागं एक टेबल. दार लावून घेतलं आणि मुलानं सांगितलं ते सांगितलं.

तो पांढरा पडला. "माझ्यावर केस करणार तुम्ही? मी तुम्हाला काम दिलं!"

"काम मी केलं. तुम्ही पगार दिला."

बराच वेळ तो पेन उघडत-मिटत बसला. कायद्याची भीती एक, आणि मी नसलो तर चौदा, ही दुसरी. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पूजेच्या वेळी तुम्ही शटरपाशी बाहेर उभे राहा. आरती झाली की एक कोरा फॉर्म, देवापुढं न ठेवलेला, मी स्वतः तुम्हाला आणून देतो. झालं?"

"झालं."

मी जिंकलो होतो. खंडेनवमीला तीन दिवस होते. आणि ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही.

मुलालाही नाही सांगितली. मला तो सही केलेला कागद आणून तिच्या मांडीवर टाकायचा होता. हात न जोडता आणलाय, बघ, असं म्हणायचं होतं. ती तीन दिवस विचारत होती, "काय ठरलं हो?" तीन दिवस मी म्हणत होतो, "बघू." तिचं तोंड उतरलेलं बघून मला आतून मजा वाटत होती. लहान मुलाला खाऊ मागं लपवून रडवतात, तशी.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी माझा झारा घरी आणला. मशिनांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावतील, ते मला नको होतं. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवला. बायकोनं तो बघितला. ती समजली, माझी नोकरी गेली. विचारलं नाही तिनं. विचारलं असतं तरी मी "बघू" म्हणालो असतो.

खंडेनवमीला दक्षिणेकडून बोचरा वारा सुटला होता. मी ठरल्याप्रमाणं शटरपाशी हाताची घडी घालून उभा राहिलो, पायात जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, बोटं गारठलेली. आत शेवेच्या मशिनला, कढईला, वजनकाट्याला हार घातले होते. झेंडू इकडं त्या दिवसांत मिळत नाही, म्हणून प्लॅस्टिकचे. पाटावर देवाचा फोटो, फोटोपुढं फॉर्मांचा गठ्ठा, गठ्ठ्यावर सुपारी. वरच्या कागदाला हळदकुंकवाची बोटं. विम्याची गोरी बाई एका खुर्चीवर कौतुकानं बघत बसली होती.

पॅकिंगच्या बाईची गाडी आली. तिच्यातून माझी बायको उतरली.

हिरवी साडी नेसली होती. केसांना तेल. वॉकर पुढं ढकलत, एक पाय टाकून दुसरा ओढत, ती माझ्याजवळून आत गेली. माझ्याकडं बघितलं नाही. थेट मालकासमोर थांबली आणि म्हणाली, "ह्यांचं सोडून द्या, दादा. मी बसते पूजेला. ह्यांच्या वाटणीचंही मीच करते. ह्यांना कामावरून काढू नका."

मालकाचं तोंड फुललं. नवरा नमला नाही तर बायको नमली, त्याला तेवढं चाललं. कोऱ्या फॉर्माचं आमचं ठरलंय, हे सांगायला त्याला एक वाक्य लागलं असतं. ते वाक्य तो बोलला नाही. म्हणाला, "या काकू, पुढं या. अशी समज पाहिजे."

मला एक शब्द लागला असता. "थांब" एवढाच. शटरपासून पाटापर्यंत दहा पावलं होती. मी बोललो नाही. मला बघायचं होतं, ती खरंच करते का.

तिनं वॉकर बाजूला केला. भिंतीला एक हात लावून ती खाली बसू लागली. जिला वीतभर उंच खुर्चीवर बसताना ओठ चावावा लागायचा, ती लादीवर बसली. बसताना तिच्या तोंडून जो आवाज आला तो घंटेत बुडाला. तिनं शेवेच्या मशिनला हळदकुंकू लावलं, कढईला लावलं. माझ्या कढईला. मग पाटापुढं डोकं टेकलं. कपाळाला कुंकू घेऊन वर बघितलं आणि दोन्ही हातांनी फॉर्म घेतला.

आणि तिला उठता येईना.

एकदा हातावर जोर दिला, नाही आलं. दुसऱ्यांदा कुशीवर वळली, तरी नाही. आरती संपली होती, सगळे माझ्याकडं बघत होते. तिनंही मान वळवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"अहो," ती म्हणाली. एवढंच.

मी म्हणालो, "ज्याच्यापुढं वाकलीस त्यालाच सांग उठवायला."

मोठ्यानं म्हणालो. शेडमध्ये आवाज घुमतो.

मालकीण आणि पॅकिंगची बाई धावल्या, दोघींनी काखेत हात घालून तिला उचललं. साडीच्या निऱ्या सुटल्या होत्या, त्या मालकिणीनं खोचल्या. मालक पटकन दुसरा फॉर्म घेऊन माझ्याकडं आला. कोरा, डाग नसलेला. शब्दाला जागला तो, हे मी मान्य करतो. पेन पुढं केलं. "काका, करा सही. झालं गेलं. मिटवा आता."

"नाही करत."

"अहो, हा कोरा आहे. तुमच्या मनासारखाच आहे."

"माझ्या मनासारखं काही राहिलेलं नाही. नाही करत."

गोरी बाई इंग्रजीत विचारू लागली, काय झालं, काय झालं. कोणीतरी तिला बोटांनी दाखवलं, चौदा. तिनं फाइल मिटली.

पॅकिंगची बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दादा, तुमचा धम्म तुमच्याकडं ठेवा की. माझ्या पित्ताशयात कशाला घालता?"

"तू हसली होतीस," मी म्हणालो.

"हसले म्हणून खडे ठेवायचे होय पोटात? आणि ती हसली होती का? ती?" तिनं माझ्या बायकोकडं हात केला. बायको मशिनला धरून उभी होती. फॉर्म अजून तिच्या हातात होता, कुंकवाचा.

मी बसस्टॉपवर गेलो. बायकोला त्या बाईनंच घरी सोडलं.

घरी आलो तेव्हा ती उंच खुर्चीवर होती. कपाळ धुतलेलं. मी गेल्यावर मालकानं सगळ्यांना कोऱ्या फॉर्माचं सांगितलं होतं, तिलाही सगळं कळलं होतं.

"तुमचं आधीच ठरलं होतं?"

"हो."

"तीन दिवस?"

"हो."

ती रडेल असं मला वाटलं होतं. नाही रडली. म्हणाली, "दीक्षा माझ्या बापानंही घेतली होती. बावीस मलाही पाठ आहेत. मी माझ्या मोडल्या. माझ्या पायासाठी, माझ्या खुशीनं मोडल्या. तुमच्या कोण मोडत होतं? तुम्हाला तर कोरा कागद मिळाला होता."

मी म्हणालो, "माझ्या बायकोनं सगळ्यांदेखत—"

"तेच म्हणते मी. धम्म नाही आडवा आला. बायको आडवी आली."

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पण उत्तर नसलं म्हणून माणूस चुकतो असं नाही. कित्येक वेळा फक्त समोरच्याला बोलता चांगलं येत असतं.

मी कामावर परत गेलो नाही. झारा घरीच होता, आणायलाही जावं लागलं नाही. दोन महिन्यांत मालकानं माझ्या जागी फिजीची एक बाई ठेवली. पंधरा भरले. सगळ्यांना विमा मिळाला, एक आमचं घर सोडून. चकली बिघडली म्हणतात. मी चाखली नाही.

मग पॅकिंगची बाई एकदा बायकोला भेटायला आली. ऑपरेशन होऊन आली होती. पर्समधून तिनं एक छोटी बाटली काढली, दवाखान्यातून दिलेली. आत खडे होते, चण्याच्या डाळीएवढे. माझ्यासमोर धरून हलवली. "बघा दादा. तुमच्या सहीशिवाय निघाले." दोघी हसल्या. बायको त्या दिवसांत माझ्यासमोर हसायची ती एवढीच.

शेवटी मुलानं मला विचारलं नाही. आईला विचारलं. तिकिटं काढून आणली आणि तिला पुण्याला घेऊन गेला. विमानतळावर चाकाच्या खुर्चीवर ती बसली होती, मांडीवर पर्स. मी पाणी आणू का म्हणालो. ती म्हणाली, "नको. उठावं लागेल मग." लेकीच्या घराजवळच्या दवाखान्यात खुबा बदलला. महिन्यानं मुलगा परत आला, एकटा. म्हणाला, आई फिजिओथेरपी होईपर्यंत तिकडंच राहते. फिजिओथेरपी संपून तीन वर्षं झाली.

इथल्या सरकारी दवाखान्याचा माणूस व्हॅन घेऊन सामान न्यायला आला. वापरून झालं की परत द्यायचं असतं. वॉकर मी दिला. ठोकळे दिले नाहीत. त्याला खुर्चीकडं बोट करून म्हणालो, "आय यूज." तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे चालेल, आणि गेला. मी त्या खुर्चीवर बसतो. मला त्या उंचीची गरज नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, अधांतरी राहतात. सून म्हणाली, बाबा, ठोकळे काढू का? मी म्हणालो, राहू दे. नात आता मोठी झाली. मधूनमधून विचारते, "आजोबा, व्हेन इज आजी कमिंग?" मी मराठीत सांगतो, ती इंग्रजीत विचारत राहते.

रविवारी फोन असतो. बायको सांगते, तीन जिने चढते, भाजी स्वतः आणते. पौर्णिमेला विहारात जाते, पायी. पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत खाली बसते आणि आपली आपण उठते. हे "आपली आपण उठते" ती दर वेळी सांगते. मग विचारते, "तुम्ही जाता का विहारात?" ती विचारायची थांबत नाही, तिला माहीत आहे मी जात नाही ते. गाडी लागते, मुलाला वेळ नसतो, आणि तिथं लोक विचारतात, ताई कुठं आहेत.

मागच्या रविवारी मी फोन धरला आणि विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः विचारलं. "परत कधी येतेस?"

पलीकडं प्रेशर कुकरची शिट्टी झाली. ती उठली असणार, चालत गॅसपाशी गेली असणार, गॅस बंद केला असणार. चालण्याचा आवाज मला आला. दोन्ही पाय सारखे पडत होते.

परत येऊन तिनं फोन घेतला.

"बघू," ती म्हणाली.